मुंबईच्या वस्तीची मांडणी : कोट, मैदान व बाहेरकोट

(१)

मुंबई शहराविषयीं दोन समज रूढ आहेत. एक असा कीं, हें शहर कोणी आंखून वसविलेंच नाहीं. व्यापार वाढला तशी वस्ती वाढली व जिकडे जागा मिळाली तिकडे ती पसरली. दुसरा असा कीं, गव्हर्नर जेराल्ड आंजियर यानें सतराव्या शतकांत शहराचा संकल्प केला व त्याच्या मागून आलेल्या गव्हर्नरांनीं तो क्रमाक्रमानें सिद्धीस नेला. पहिला समज लोकांत आहे, दुसरा इंग्रज ग्रंथकारांच्या लेखनांत आहे. जुने नकाशे व जमिनींचे जुने दस्तऐवज समोर ठेवून पाहिलें असतां दोन्ही समज अपुरे ठरतात, असें आम्हांस वाटतें. मुंबईच्या वस्तीचे भाग आंखले गेले खरे, परंतु ते आंखले तोफेच्या पल्ल्यानें. आणि त्या पल्ल्याच्या पलीकडे जें शहर उठलें, तें जमीनधारकांच्या कागदांच्या आधारानें उठलें. या दोन गोष्टींचा उलगडा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

समुद्रकांठीं नवी वस्ती बसविण्याची आपल्याकडील जुनी रीत कोणती होती, हें आधीं पाहिलें पाहिजे. वि. का. राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर या कामीं उपयोगी पडते. बिंब राजानें माहीम येथें ठाणें केलें, त्याच्याबरोबर कुळें आलीं, व त्यांस गांवें, वृत्ति व मानपान वांटून दिले, असें ती सांगते. बखरींतील कालगणना व राजावळी यांविषयीं वाद आहे. परंतु वस्तीची रीत तींतून स्पष्ट दिसते. आधीं कुळ, मग त्याची वृत्ति, मग त्या वृत्तीस लागून जमीन, असा तो क्रम होय. पुढें देशावर ज्या पेठा वसल्या त्याही बहुतांशीं याच न्यायानें वसल्या. शेट्यास कौल द्यावयाचा, कांहीं वर्षें पट्ट्या माफ करावयाच्या, उदमी लोकांनीं येऊन दुकानें घालावयाचीं व शेटेमहाजनांनीं पेठेचा बंदोबस्त ठेवावयाचा. कौलाचा मुख्य भर रस्त्याच्या रुंदीवर नसे. येणाऱ्या माणसास दिलेल्या अभयवचनावर असे.

सन १५३४ च्या वसईच्या तहानें मुंबईसह सात बेटें पोर्तुगीजांकडे गेलीं. त्यांनीं गांवें आपल्या सरदारांस व मठांस वार्षिक फाळ्यानें लावून दिलीं. खुद्द मुंबई बेट गार्सिया द ओर्ता या वैद्यास मिळालें होतें. याच गृहस्थाचा औषधींवरील ग्रंथ १५६३ सालीं गोव्यास छापला गेला. सन १६६१ च्या विवाहसंबंधाच्या तहानें बेट इंग्लंडच्या राजास आंदण मिळालें, १६६५ सालीं त्याचा ताबा आला, व १६६८ सालीं राजानें तें दरसाल दहा पौंड फाळ्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यांतील एक गोष्ट मात्र नीट ध्यानांत घेतली पाहिजे. कंपनीस बेटाचें स्वामित्व मिळालें, पण बेटावरील जमीन बहुतेक मिळाली नाहीं. ती आधींच कोणाची तरी होती. नारळीच्या बागा, भातखाचरें, मिठागरें, कोळीवाडे या प्रत्येकाचा कोणी ना कोणी धनी, कुळ अगर वहिवाटदार होता. कोऱ्या कागदावर शहर काढण्याची सोय कंपनीस पहिल्या दिवसापासूनच नव्हती.

(३)

सुरतेचा प्रेसिडेंट व मुंबईचा गव्हर्नर या नात्यानें आंजियर यानें १६६९ पासून १६७७ पर्यंत कारभार केला. त्याच्या पत्रांतून मोठें शहर वसविण्याची आकांक्षा वारंवार दिसते. न्यायकचेरी, टांकसाळ, तटबंदी, वखारी यांचा उपक्रम त्यानें केला. परंतु आमच्या मतें त्याचीं चिरस्थायी कामें दोन. आणि तीं दोन्ही कागदावरचीं आहेत.

पहिलें काम जमीनधारकांशीं झालेला करार. १६७२ सालीं त्याची बोलणीं सुरू झालीं व १६७४ सालीं तो कायम झाला. जमीनधारकांनीं दरसाल वीस हजार शेराफीन कंपनीस द्यावे व कंपनीनें त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे निर्वेध चालवाव्या, असा त्याचा मथितार्थ आहे. मुंबईच्या जमीनमहसुलांत पुढें 'पेन्शन' या नांवानें जो आकार चालू राहिला, त्याचें मूळ या कराराशीं पोहोंचतें. गांवोगांवच्या जमिनींचे तंटे यामुळें मिटले, कंपनीस वार्षिक उत्पन्न मिळालें. पण त्याबरोबरच पुढील दोनशें वर्षें शहर कोठें व कसें वाढावें याची किल्ली सरकारच्या हातून गेली.

दुसरें काम निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांस दिलेलीं वचनें. प्रत्येक समाजानें आपले पंच नेमावे व आपल्या लोकांची व्यवस्था पाहावी, अशी आंजियरची योजना होती. दीवच्या वाण्यांचा पुढारी निमा पारख यानें १६७७ सालीं कंपनीकडून जीं कलमें मागून घेतलीं, त्यांत घरासाठीं व वखारीसाठीं बिनभाड्याची जागा, स्वधर्माचरणाची मोकळीक व बाटवाबाटवीपासून अभय यांचा समावेश होता. हीं कलमें एखाद्या मराठी पेठेच्या कौलाशेजारीं ठेवून वाचलीं तर भाषेखेरीज फारसा भेद आढळणार नाहीं. वाण्यांची वस्ती, पारशांची वस्ती, मुसलमानांचे मोहल्ले, ख्रिस्ती लोकांची वस्ती असे जे मुंबईचे भाग पुढें पडले, त्यांचें बीज या वचनांत आहे. डॉक्टर फ्रायर हा प्रवासी १६७० नंतरच्या दशकांत येथें होता. त्यानें लोकसंख्येचा अंदाज साठ हजार दिला आहे. तो अतिशयोक्त असला तरी कौल लागू पडला होता एवढें त्यावरून दिसतें.

(४)

अठराव्या शतकाच्या आरंभीं या वस्तीभोंवतीं तट उभा राहिला. गव्हर्नर बून (१७१५–१७२२) याच्या कारकीर्दींत त्याचें काम पुरें झालें. तटास जमिनीच्या बाजूनें तीन दरवाजे होते. उत्तरेचा बाजारगेट, पश्चिमेचा चर्चगेट व दक्षिणेचा अपोलोगेट. यांपैकीं 'अपोलो' हें नांव ग्रीक देवतेचें नसून 'पालव' अथवा 'पाल' या नौकावाचक देशी शब्दाचा तो अपभ्रंश असावा, असें पुष्कळांचें मत आहे. तटाच्या आंतील भागास लोक 'कोट' म्हणत व बाहेरील भागास 'बाहेरकोट'. कोटांतही दोन भाग पडले. दक्षिणेकडे युरोपियन लोक व उत्तरेकडे देशी व्यापारी, मुख्यतः पारशी व वाणी. प्रथम हा भेद सोयीनें पडला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो हुकुमांनीं पक्का करण्यांत आला.

आतां मुंबईच्या नकाशाच्या खऱ्या कर्त्याकडे वळूं. सन १७३७ मध्यें मराठ्यांनीं साष्टी घेतली व मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई सर केली. माहीमच्या खाडीपलीकडे मराठ्यांचीं निशाणें दिसूं लागतांच मुंबईंत घबराट उडाली. त्याच वर्षीं तटाबाहेर खंदक खणण्यासाठीं देशी व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपये वर्गणी केली. पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहिला. तटाजवळ घरें व नारळीच्या बागा असतील तर शत्रूस त्यांच्या आडोशानें मोर्चे लावतां येतील. म्हणून तटासमोरची जमीन मोकळी केली पाहिजे, असें लष्करी अंमलदार म्हणूं लागले. पुढें फ्रेंचांच्या भयानें या म्हणण्यास अधिकच जोर आला. टप्प्याटप्प्यानें झाडें तुटलीं, घरें उठलीं व तटाच्या बाहेर एक विस्तीर्ण मोकळी पट्टी तयार झाली. इंग्रजी कागदांत तिला 'एस्प्लनेड' म्हणत. लोक नुसतें 'मैदान' म्हणत.

या मैदानापुढें देवाधर्माचाही टिकाव लागला नाहीं. जिच्यावरून शहरास नांव पडलें त्या मुंबादेवीचें मूळ देऊळ फांशीतलावाजवळ, म्हणजे सध्यांच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसच्या आसपास, होतें. तें अठराव्या शतकांत तेथून हललें व देवी पायधुणीजवळ नव्या देवळांत गेली. मैदानांत एस्पेरान्सा नांवाचें रोमन कॅथलिक देवालय होतें. सुमारें १७६० सालीं तेंही पाडून भुलेश्वरास नवें बांधण्यांत आलें. हिंदूंचें देऊळ व ख्रिस्त्यांचें देवालय हीं दोन्ही एकाच कारणासाठीं एकाच दिशेस गेलीं, आणि त्यांच्यामागून त्यांचे उपासकही गेले. बाहेरकोटाची पहिली मांडणी अशी झाली. मराठी फौज मुंबई बेटावर चालून आली नाहीं. तरी वसईच्या विजयानें मुंबईच्या नकाशावर जी रेषा उमटली, ती आजतागायत पुसलेली नाहीं.

(५)

माघ शके १७२४ मध्यें, म्हणजे १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं, कोटाच्या उत्तर भागांतील बाजारांत आग लागली. वाऱ्यानें ती पसरली व तटाच्या आंतील शहराचा सुमारें तिसरा हिस्सा जळाला. कोटांत त्या वेळीं दाटी अतिशय होती. घरें उंच, त्यांत लांकूडकाम पुष्कळ, गल्ल्या अरुंद, व जवळच दारूगोळ्याचीं कोठारें. आग कोठारांपर्यंत पोहोंचती तर कोट उरता ना, ही धास्ती सरकारी लेखांतून दिसते.

गव्हर्नर जोनाथन डंकन (१७९५–१८११) याच्यासमोर या आगीनें एक संधि उभी केली. जळालेल्या भागांत पुन्हां घरें न बांधतां लोकांनीं बाहेरकोटांत जावें, तेथें त्यांस जागा द्याव्या, कोटांतील रस्ते रुंद करावे, व मैदानाची हद्द वाढवावी, असा बेत ठरला. मैदानाची हद्द तटापासून सुमारें हजार यार्डांपर्यंत नेण्यांत आली, हा भाग सिद्धीस गेला. पण कोट मोकळा करण्याचा भाग पार पडला नाहीं. व्यापाऱ्यांच्या पेढ्या, वखारी, बंदर, टांकसाळ सर्व कोटांत. शिवाय जागेचे कागद त्यांच्या हातांत. ज्याची जागा त्यानें ती सोडण्यास नकार दिला म्हणजे सरकारास किंमत मोजावी लागे. बहुतेकांनीं जळक्या जोत्यांवरच पुन्हां घरें उभारलीं. ज्यांची कोटांत जागा नव्हती, जे भाडेकरू होते, कारागीर होते, मजूर होते, ते मात्र मैदान ओलांडून गेले. नव्या शहराचा पहिला मोठा भरणा असा झाला. योजना सर्वांसाठीं एकच होती. ज्याच्याजवळ कागद होता त्याला ती लागू करतां आली नाहीं, व ज्याच्याजवळ नव्हता त्याला ती टाळतां आली नाहीं.

(६)

मैदानाच्या पलीकडे हे लोक कोठें वसले? तेथें मोकळी जमीन नव्हती, वाड्या होत्या. नारळीच्या बागांस इंग्रजी कागदांत 'ओर्ट' म्हटलें आहे. तो पोर्तुगीज 'होर्ता' शब्दाचा अपभ्रंश होय. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, खेतवाडी या नांवांतून तेथील झाडें व शेतें अद्याप बोलतात. या वाड्यांचे मालक जमीन विकीत नसत, भाड्यानें देत. भाडेकरूनें स्वतःच्या खर्चानें घर बांधावें, घर त्याचें, जमीन मालकाची, व जमिनीचें ठराविक भाडें मालकास मिळावें, या पद्धतीस 'फजंदारी' असें नांव आहे. फजंदार म्हणजे वाडीचा मूळ धनी. गिरगांवाकडील पुष्कळ घरें याच पद्धतीवर उभीं राहिलीं.

या पद्धतीचा परिणाम शहराच्या आकारावर कसा झाला हें पाहण्यासारखें आहे. रस्ता काढण्यासाठीं जमीन सोडावयाची तर नुकसान मालकाचें. म्हणून दोन वाड्यांच्या मधली पायवाट तेवढी गल्ली झाली. वाडीच्या आंत विहिरीकडे जाणारी वाट तेवढी बोळ झाली. वाडीचा बांध घरांची शेवटची ओळ ठरला. बाहेरून पाहणाऱ्यास ज्या गल्ल्या वेड्यावांकड्या वाटतात, त्या वस्तुतः जुन्या बागांच्या चतुःसीमा आहेत.

फ्रॅन्सिस वॉर्डन यानें मुंबईच्या जमिनींच्या हक्कांविषयीं १८१४ सालीं जो अहवाल लिहिला तो या विषयाच्या अभ्यासकानें अवश्य पाहावा. एवढ्याशा बेटावर किती प्रकारचे हक्क नांदत होते हें त्यावरून कळतें. आंजियरच्या करारांतून निघालेली पेन्शन, कोटांतील व लगतच्या जागांवरील क्विट रेंट व ग्राउंड रेंट, भातजमिनींचा टोका, खाजणांवरील फोरास, इनाम, भाडेपट्टे आणि या सर्वांबरोबर फजंदारी. प्रत्येक प्रकारास सरकारची सत्ता कोठें कमी, कोठें अधिक. त्याच सुमारास कॅप्टन डिकिन्सन याची मोजणी सुरू झाली. बेट हातीं आल्यावर दीडशें वर्षांनीं सरकार आपल्या शहराची नीट मोजणी करूं लागलें, ही एकच गोष्ट आमच्या म्हणण्याची साक्ष देण्यास पुरेशी आहे.

वाड्यांच्या जोडीस लोकांच्या समाजवार वस्त्या वाढत होत्या. कुलाब्याकडील किनाऱ्यावरून आलेल्या बेने इस्रायल लोकांपैकीं सामुएल दिवेकर यानें १७९६ सालीं प्रार्थनामंदिर बांधलें. तो सामुएल स्ट्रीट आजही त्याच्या नांवानें चालतो, आणि मशीदबंदर या नांवांतील 'मशीद' म्हणजे हें यहुदी मंदिरच होय, असें सांगतात.

(७)

बेटाच्या मध्यभागाची गोष्ट वेगळी आहे. वरळी व महालक्ष्मी यांमधील खिंडारांतून भरतीचें पाणी आंत शिरे व बेटाच्या मधोमध पसरे. त्या पाण्यांतून येणाऱ्यानें जेथें पाय धुवावे तें पायधुणी. उमरखाडी हें नांवही त्याच पाण्याची आठवण देतें. गव्हर्नर हॉर्नबी (१७७१–१७८४) याच्या कारकीर्दीच्या अखेरीस हें खिंडार बांध घालून बुजविण्यांत आलें. बांध वारंवार ढांसळत असे, तेव्हां रामजी शिवजी नांवाच्या प्रभु गृहस्थास दृष्टान्त होऊन समुद्रांतून देवींच्या मूर्ति निघाल्या व मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची दंतकथा आहे.

बांधामुळें जी खाजणजमीन वर आली ती सरकारनें हलक्या फाळ्यानें लागवडीस दिली. हाच तो फोरास. या सखल जमिनींवर पुढें कामाठीपुऱ्यासारख्या वस्त्या बसल्या. तेलंगणांतून आलेल्या कामाठी मजुरांनीं शहराच्या इमारती बांधल्या व स्वतः भरणीच्या ओलसर जमिनीवर राहिले. फोरासदारांचा हक्क काय, हा तंटा इतका वाढला कीं १८५१ सालीं त्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणजे जी जमीन सरकारनें स्वतः समुद्रांतून मिळविली, तिच्यावरही दोन पिढ्यांत वहिवाटीचा हक्क बसला होता.

(८)

सर बार्टल फ्रिअर (१८६२–१८६७) याच्या कारकीर्दींत तट पाडण्यांत आला. मराठेशाही १८१८ सालीं संपली होती, फ्रेंचांचें भय उरलें नव्हतें, आणि अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा पैसा शहरांत लोटला होता. तटाच्या जागेवर व मैदानाच्या कडेस सेक्रेटरिएट, विद्यापीठ, हायकोर्ट, तारऑफिस अशा इमारती ओळीनें उठल्या. १ जुलै १८६५ रोजीं सट्टा कोसळला व पुष्कळ कंपन्या बुडाल्या, तरी या इमारतींचें काम पुढें चाललें.

मुंबईंत प्रथमच येथें आराखडा आधीं व इमारत मागून, असें झालें. तें कां शक्य झालें? कारण तेवढ्या जमिनीवर खाजगी माणसाचा कागद नव्हता. शंभर वर्षें लष्करानें ती रिकामी ठेवली होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल व कूपरेज हे त्या मैदानाचे उरलेले तुकडे होत. मुंबईकर जेथें मोकळा श्वास घेतो ती जागा कोणा नगररचनाकारानें त्याच्यासाठीं राखलेली नाहीं. ती भयानें राखलेली आहे.

बाहेरकोटांत मात्र तसें घडणें शक्य नव्हतें. १८७२ च्या खानेसुमारींत लोकसंख्या ६,४४,४०५ भरली, आणि तींतील फार मोठा भाग त्या जुन्या वाड्यांत दाटला होता. १८९६ सालीं मांडवींत प्लेग उद्भवला, तेव्हां कोठें या गल्ल्यांत वारा व उजेड आणण्याची निकड सरकारास पटली. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते वस्तींतून काढले, आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूस आंखीव वसाहती बसविल्या. जुन्या भागांत रस्ता काढणें म्हणजे शेंकडों कागदांची भरपाई करणें होय, हें ट्रस्टास लवकरच कळून आलें. उत्तरेकडील शेतांत तेंच काम पुष्कळ सोपें झालें.

(९)

हाच प्रश्न विसाव्या शतकांत खाडीच्या पलीकडे पुन्हां उभा राहिला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं 'मार्ग' या नियतकालिकांतून मुंबईसमोर नवें शहर वसविण्याची सूचना मांडली. त्यासाठीं १९७० सालीं सिडको ही संस्था निघाली व १९७३ सालीं आराखड्याचा मसुदा तयार झाला. सुमारें ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश व त्यांतील ९५ गांवें या योजनेंत आलीं. वाशी, नेरूळ, बेलापूर अशीं स्वयंपूर्ण उपनगरें रेल्वेच्या मार्गावर ओंवावीं, अशी कल्पना होती. जुन्या मुंबईचा धडा या योजकांनीं नीट गिरविला होता. जमीन आधीं एका हातीं घ्यावी, मग आंखावी.

परंतु येथेंही कागद कोरा नव्हता. आगरी, कोळी व इतर शेतकऱ्यांचीं भातखाचरें, मिठागरें व खाडीवरील वहिवाट त्या प्रदेशावर होती. भरपाईच्या प्रश्नावर आंदोलन पेटलें, दि. बा. पाटील त्याचे पुढारी होते. जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या परिसरांत गोळीबार होऊन पांच माणसें मृत्यु पावलीं. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धन्यास परत देण्याची पद्धत आली. आंजियरनें जें १६७४ सालीं आधीं करून ठेवलें, तें येथें रक्त सांडल्यावर करावें लागलें. आंजियरच्या करारानें शहराच्या रस्त्यांचें नुकसान झालें, हें आम्ही वर दाखविलेंच आहे. तरीपण जमिनीवरील माणसाशीं बोलून घेतल्यावांचून शहर वसत नाहीं, एवढें त्यास कळलें होतें.

(१०)

आतां संग्राहकांस एक विनंति. गोविंद नारायण माडगांवकर यांचें १८६३ चें 'मुंबईचें वर्णन' व आचार्य-शिंगणे यांचा १८८९ चा 'मुंबईचा वृत्तांत' हे ग्रंथ सर्वांच्या संग्रहीं असतात. पण बाहेरकोटाचा खरा इतिहास छापील ग्रंथांत नाहीं. तो वाड्यांच्या मालकांच्या व भाडेकरूंच्या पेट्यांत आहे. मोडी व गुजराती खरेदीखतें, फजंदारीच्या पावत्या, गहाणखतें, वांटणीपत्रें, देवस्थानांच्या सनदा हे कागद अद्याप ठिकठिकाणीं सांपडतात. जुन्या चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत, आणि घर रिकामें करतांना असले कागद रद्दींत जातात, कारण त्यांची कायदेशीर किंमत संपली असें धारकास वाटतें.

अशा कागदांतून निदान तीन गोष्टी टिपून ठेवाव्या. मिति व साल. जमीन कोणत्या प्रकारच्या हक्कानें धारण केली तें. आणि चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस कोणाचें घर, पश्चिमेस कोणाची वाडी, कोणती विहीर, कोणतें झाड. कर्नल लॉटन याच्या मोजणीचे १८६५ ते १८७२ मधील तक्ते उपलब्ध आहेत. त्यांवर या चतुःसीमा एकेक करून बसवितां येतील. शंभर कागद असे बसले म्हणजे एक वाडी उभी राहील, आणि दहा वाड्या उभ्या राहिल्या म्हणजे १८०३ च्या आगीनंतर मैदान ओलांडून गेलेलीं माणसें कोठें थांबलीं, हें प्रथमच निश्चितपणें सांगतां येईल. सरकारी दप्तरांत कोटाचा इतिहास भरपूर आहे. बाहेरकोटाचा इतिहास आपल्याच घरीं आहे, व तो सांभाळण्याचें काम आपलेंच आहे.